रोहेकरच्या बायकोची निवडणूक

“तुझी आई सिरीयस कर,” मोहियुद्दीन म्हणाला.

“माझी आई नाही. वारली.”

“मग बाप कर.”

“तोही नाही.”

“सासू तरी हाय का नाय?”

“आहे. पण ती रोज सकाळी दीड मैल चालत चर्चला जाते.”

“अरे मग तिलाच कर ना! चालता चालता पडली म्हण. घरून फॅक्स मागव, मदर-इन-लॉ सिरीयस, कम सून. आता सासूवर इमर्जन्सी देत नायत, तर इन-लॉ खोडून टाक आणि नुसती मदर ठेव. माझी आई आजपर्यंत चार वेळा सिरीयस झालीय. अल्ला तिला उदंड आयुष्य देवो, अजून घरात सुकट तीच भाजते.”

मेसमध्ये हशा झाला. रोहेकरही हसला. पण मान हलवून तो नाही म्हणाला आणि भातावर डाळ ओतून घेऊ लागला.

ही २००७ सालच्या एप्रिलमधली गोष्ट, सौदीतल्या यान्बूच्या आमच्या कॅम्पातली. रोहेकर हा रोह्याचा नव्हे. त्याचं नाव रोहेलियो. फिलिपीन्समधल्या एका लहान बेटावरचा तो पंप मेकॅनिक. कॅम्पातल्या रत्नागिरी-रायगडच्या मंडळींनी पहिल्याच वर्षी त्याचा रोहेकर करून टाकला, आणि अठरा वर्षांत त्याला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही. तो आपल्या गावाबद्दल बोलू लागला की आम्हाला ते आमच्याच खाडीच्या पलीकडचं एखादं गाव वाटे. नारळ, भात, वाळत घातलेली मासळी, आणि घरटी एक पुरुष परमुलखात. त्याचं बोलणं म्हणजे इंग्रजी, कॅम्पची हिंदी आणि मोहियुद्दीनकडून उचललेले दहा-बारा मराठी शब्द यांचं कडबोळं असे. मी ते इथे सरळ मराठीत देतो आहे. त्यात त्याचा थोडा तोटाच होईल.

मी त्या कंपनीत मेंटेनन्सचा स्टोअरकीपर होतो. हातात कायम पुस्तक, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. शिकवलं मात्र मी आयुष्यात कुणाला काही नाही. मोहियुद्दीन हरिहरेश्वराकडचा, क्रेनला सामान बांधून देणारा रिगर. आम्ही तिघं एकाच बराकीत, शेजारच्या खोल्यांत राहत होतो.

रोहेकरला रजा हवी होती ती बायकोच्या निवडणुकीसाठी. मे महिन्याच्या चौदा तारखेला त्यांच्या देशात मध्यावधी निवडणूक होती. त्यांची मध्यावधी सरकार पडलं म्हणून होत नाही. राष्ट्राध्यक्षाची मुदत निम्मी झाली की ती ठरल्यासारखी येते. वर सेनेटच्या बारा जागा आणि खाली अगदी गावचा मेयर, कौन्सिलर, सगळ्यांचं मतदान एकाच दिवशी. त्याची बायको लूर्देस गावच्या कौन्सिलसाठी उभी होती. जागा आठ, उमेदवार एकोणीस. तिचं एक पोस्टर त्यानं टपालानं मागवून आपल्या कपाटाच्या दाराला आतून लावलं होतं. कपडे काढायला दार उघडलं की ती दिसे. गोल चेहरा, मागे बांधलेले केस, आणि फोटोग्राफरनं हसायला सांगितलंय म्हणून आणलेलं हसू.

पण शटडाउन जवळ आलं होतं. अठ्ठावीस एप्रिलपासून महिनाभर प्लांट बंद ठेवून सगळी दुरुस्ती करायची होती, आणि त्या काळात सगळ्यांच्या रजा बंद. फक्त जवळच्या माणसाचं दुखणं किंवा मरण असेल तर इमर्जन्सी, आणि तीही घरून फॅक्स आला तर. म्हणून कॅम्पात सगळ्यांच्या आया वेळोवेळी सिरीयस होत. कंपनीलाही ते ठाऊक होतं. कागद असला की साहेब फारसं विचारत नसत.

त्या शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर रोहेकर माझ्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

“मास्तर, मला एक पत्र लिहून दे. खरं पत्र.”

“खरं म्हणजे?”

“बायको निवडणुकीला उभी आहे. दहा दिवस पाहिजेत. बस.”

“त्यावर रजा मिळेल असं मला वाटत नाही रे. मोहियुद्दीन सांगतो तसं…”

“नाही.” तो आपल्या हातांकडे बघत राहिला. नखांतलं ग्रीस त्यानं किती घासलं तरी जात नसे. “माझ्याकडे एकदा खरा कागद आला होता.”

मग त्यानं सांगितलं. अठरा वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. चौऱ्याण्णव साली त्याचा धाकटा मुलगा जोमार तापानं आजारी पडला. चार वर्षांचा. त्यांच्या बेटावर डॉक्टर नाही. समोरच्या मोठ्या गावात न्यायचं तर बोट पाहिजे. मोटरबोट एकच होती, ती मेयरची, आणि त्या दिवशी ती मेयरच्या कामाला गेली होती. लूर्देस पोराला खांद्यावर घेऊन दिवसभर किनाऱ्यावर बसून राहिली. इकडे तार आली. पासपोर्ट कंपनीत, परतीच्या व्हिसावर कफीलची, म्हणजे सौदी मालकाची, सही पाहिजे, कफील रियाधला. सात दिवस गेले.

“मी घरी पोचलो तेव्हा पंगत बसली होती,” रोहेकर म्हणाला. “आमच्यात नऊ दिवस प्रार्थना असते आणि शेवटी सगळ्यांना जेवण. मी बॅग घेऊन दारात उभा, आणि लोक जेवत होते.”

मी टेबलावरचा कागद पुढे ओढला.

“लूर्देस तेव्हा मला काही बोलली नाही. तेरा वर्षांत बोलली नाही. आता पहिल्यांदा मागतेय. बारा तारखेच्या शनिवारी शेवटची सभा आहे. उमेदवाराचं अख्खं घर स्टेजवर उभं राहतं. ती म्हणते, तू तेव्हा आला नाहीस, आता ये. भाषण नको करू. नुसता उभा राहा.”

“तिच्याविरुद्ध कोण आहे?”

“मेयरची माणसं. ते सभेत सांगतात, लूर्देसचा नवरा खोक्यातून येतो.” साबण, टॉवेल, चॉकलेट, डब्यातलं मटण असं भरून तो दर सहा महिन्यांनी जे मोठं खोकं जहाजानं घरी पाठवी, त्यावरून ही थट्टा. “लोक हसतात. हसण्यासारखंच आहे. पण आमच्या मुलीसमोर हसतात.”

“आणि निवडून आली तर काय करणार?”

“बोट,” तो म्हणाला. “गावाची एक बोट. आजाऱ्यांसाठी. तिला बाकी काही करायचं नाही.”

ते पत्र मी माझ्या परीनं जीव ओतून लिहिलं. तीनदा फाडलं. शोभेचे शब्द काढून टाकले, मग ते गेल्यावर पत्र उघडं वाटलं, तरी तसंच ठेवलं. जोमारबद्दल एकच वाक्य लिहिलं. रविवारी सकाळी ते घेऊन मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

साहेब हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

“अठरा वर्षांत यानं इमर्जन्सी किती वेळा घेतली?”

“एकदा, सर. चौऱ्याण्णव साली.”

ते उठून भिंतीवरच्या शटडाउनच्या चार्टपाशी गेले. “तीन नंबरचा पंप याच्याकडे आहे. दुसरं कोण करेल?”

“उघडायला हेल्पर हरीश चालेल, सर. पण सील बसवायला रोहेलियोच पाहिजे.”

“सील आपल्याकडे आहे ना? असेल तर पहिल्या आठवड्यात पंप बसला पाहिजे, आणि मग पुढचे दोन आठवडे चाचणीला हाच लागेल, याला सोडता येणार नाही. नसेल तर हा इथे बसून काय करणार? जाऊन येऊ दे त्याला. वीस तारखेला परत आला तरी चालेल.” त्यांनी चार्टवर बोट ठेवलं. “इथे तुम्ही ‘उपलब्ध’ लिहिलंय.”

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगण्यासाठीच मी बहुधा हे लिहायला घेतलं आहे.

सील उपलब्ध नव्हती. पंपाच्या दांड्याभोवती बसणारा, पाणी गळू न देणारा तो भाग परदेशातून येतो आणि यायला तेरा-चौदा आठवडे लागतात. त्याचं मागणीपत्र मी डिसेंबरात पाठवायला हवं होतं. डिसेंबरात माझी मुलगी विद्या हिचा साखरपुडा होता. मी घाईत गावी गेलो, आणि भरलेला कागद टेबलाच्या खणात राहिला. परत आल्यावर त्यावर दुसरे कागद आले, एक पुस्तकही आलं. सोळा फेब्रुवारीला खण आवरताना तो सापडला, तेव्हा पाठवला. माल यायला वीस मे उजाडणार होता. चार्ट भरताना मात्र मी ‘उपलब्ध’ लिहिलं. कदाचित लवकर येईल, पंपाचं काम कदाचित पुढे ढकललं जाईल, असं काहीतरी स्वतःला सांगितलं. मी सत्तावन्न वर्षांचा होतो. जूनमध्ये माझं काँट्रॅक्ट संपत होतं. विद्याचं लग्न व्हायचं होतं. दोन महिन्यांपूर्वी अशाच चुकीपायी शेजारच्या प्लांटच्या स्टोअरकीपरला घरी पाठवलं होतं.

साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी दरडावलं नव्हतं. उलट त्या क्षणी त्यांना रोहेकरला सोडायचंच होतं, असं मला आजही वाटतं.

“आहे, सर,” मी म्हणालो.

त्यांनी पत्रावर नामंजूर लिहिलं, आणि खाली, सप्टेंबरमधली पहिली रजा याला द्यावी, असंही लिहिलं.

रोहेकर स्टोअरच्या खिडकीशी उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

“नीट विचारलंस ना, मास्तर?”

“विचारलं.”

“मग झालं,” तो म्हणाला. “थँक यू.” खिशातून त्यानं एक संत्रं काढलं, मेसमध्ये त्याच्या वाट्याला आलेलं, आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला.

ठरल्याप्रमाणे अठ्ठावीस तारखेला प्लांट बंद झाला. समुद्राचं पाणी आत ओढणारे पाच पंप होते. तिसऱ्या दिवशी हरीश आणि रोहेकर यांनी तीन नंबरचा पंप उघडला, भाग साफ करून ताडपत्रीवर मांडले, आणि काम थांबलं. हरीशला दुसरीकडे पाठवलं. रोहेकर एकटा राहिला.

रोज सकाळी तो खिडकीशी येई.

“मास्तर, सील?”

“जेद्दा बंदरात आहे. कस्टममध्ये अडकलीय.”

“बरा,” तो म्हणे. हा मोहियुद्दीनकडून घेतलेला शब्द. मग तो परत जाई आणि कालच पुसलेला दांडा पुन्हा पुसू लागे. उकाडा वाढत चालला होता. पंपहाउसच्या पत्र्याखाली तो उलट्या बादलीवर बसलेला मला खिडकीतून दिसे. दिवसभर दिसे. मी खुर्ची फिरवून घेतली, पण मग दाराच्या काचेत दिसू लागला.

सहा-सात मेला साहेब फिरत फिरत तिथे आले. मी यादी घेऊन त्यांच्या मागे होतो.

“हा अजून उघडा का?” त्यांनी विचारलं.

मी यादीत डोकं घातलं. रोहेकर उठून उभा राहिला.

“दांड्यावर ओरखडे आहेत, सर. पॉलिश करतोय. घाईनं सील बसवली तर गळेल.”

“किती दिवस?”

“दहा-बारा.”

“ठीक. बाकीचे तरी कुठे तयार आहेत,” असं म्हणून साहेब पुढे गेले.

दांड्यावर केसाएवढाही ओरखडा नव्हता. कस्टमच्या उशिराबद्दल मला बोलणी बसू नयेत म्हणून तो खोटं बोलला होता. आईच्या नावानं जे खोटं त्याला बोलवलं नाही, ते तो माझ्यासाठी बोलला. मी त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत. मानले असते तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

अकरा तारखेच्या शुक्रवारी कंपनीची बस जेद्दाला गेली. रोहेकरला तिथल्या त्यांच्या कॉन्सुलेटमध्ये मत द्यायचं होतं. आदल्या वर्षी परदेशी मतदारांची नोंदणी झाली तेव्हा त्यानं नाव घातलं होतं. मी आपणहून त्याच्याबरोबर निघालो. मोहियुद्दीनला शराफियाच्या बाजारात अख्तरीसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी, कापड घ्यायचं होतं.

“बघ मास्तर, नशीब बघ,” बसमध्ये मोहियुद्दीन म्हणाला. “ह्याचा देश ह्याला इथं येऊन विचारतो, बाबा तुझं मत काय. आपल्याला कोण विचारतो? मी एकदाच मत दिलंय, चौऱ्याऐंशी साली. आता यादीत नावसुद्धा नाय.”

“आपल्या गावी राहणाऱ्यांनाच देता येतं,” मी म्हणालो.

“राहणाऱ्यांनाच? आमच्याकडे मेलेले पण देतात. फक्त आमीच मधल्यामधे.” मग रोहेकरच्या पाठीवर थाप मारून, “रोहेकर, वहिनी कौन्सिलर झाली की आमच्या खाडीला पण एक बोट दे रे. आमची पण मोडलीय.”

“दोन देतो,” रोहेकर म्हणाला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत चार वेळा खिशातला इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, चाचपून पाहिला होता.

कॉन्सुलेटच्या फाटकाबाहेर मी सावलीला थांबलो. मोहियुद्दीन कापड घ्यायला गेला. तासाभरानं रोहेकर बाहेर आला. बोटाला जांभळी शाई होती. तो माझ्याजवळ येऊन कट्ट्यावर बसला.

“दिलंस मत?”

“दिलं. पण तिला नाही देता आलं.”

“म्हणजे?”

“इथल्या मतपत्रिकेवर गावच्या जागाच नाहीत. फक्त सेनेटच्या बारा ओळी, आणि खाली पक्षासाठी एक. आतली बाई म्हणाली, परदेशात नाव घातलं की फक्त देशाचं मत. गावचं नाही.” तो हसला. “आणि इकडे नाव घातलं म्हणून गावच्या यादीतून माझं नाव निघालं. म्हणजे रजा मिळाली असती तरी मी तिला मत देऊ शकलो नसतो.”

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. तो गेला असता तरी मत देता आलं नसतं. तर मग माझ्या खोट्यानं त्याचं काही गेलं नाही, असा हिशेब माझ्या मनानं लगेच केला. पण तिनं मत मागितलंच नव्हतं. तिनं त्याला उभं राहायला सांगितलं होतं.

“मग काय केलंस?”

“आमच्याकडे नावं हातानं लिहायची असतात. छापलेली नसतात. पहिल्या ओळीवर मी तिचं नाव लिहिलं. लूर्देस, मग तिच्या बापाचं आडनाव, मग माझं. पूर्ण.”

“ते मोजणार नाहीत, रोहेकर.”

“माहीत आहे. पण मोजताना प्रत्येक नाव मोठ्यानं वाचतात. वाचल्याशिवाय बाद कसं करणार?” तो बोटावरच्या शाईकडे बघत होता. “जेद्दात कुणीतरी एकदा तिचं नाव मोठ्यानं घेईल.”

त्यानं तिथूनच घरी फोन लावला. त्यांच्या भाषेत थोडं बोलला आणि एकदम फोन माझ्या हातात दिला. “तुझ्याशी बोलायचंय म्हणते.”

लूर्देसचा आवाज पोस्टरवरच्या चेहऱ्यापेक्षा थकलेला होता. मागे कुठेतरी लाउडस्पीकरवर गाणं चाललं होतं. “सर, तुम्ही त्याचं पत्र लिहिलंत,” ती इंग्रजीत, एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाली. “त्यानं मला वाचून दाखवलं. इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं आमच्याबद्दल. नाही मिळाली रजा, तर तुमचा काय दोष.”

मी “थँक यू, मॅडम” म्हणालो आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सभा संध्याकाळी सातला होती, आणि त्यांच्याकडे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे दुपारचे दोन वाजलेले असतात. मी स्टोअरमध्ये होतो. रोहेकर बादलीवर बसून दांडा पुसत होता. दोनला पाच मिनिटं कमी असताना त्यानं घड्याळ पाहिलं, फडकं खाली ठेवलं, हात धुतले. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं आणि त्या उघड्या पंपाच्या बाजूला ताठ उभा राहिला. समोर भिंत होती. तिच्यावर आग विझवण्याच्या सूचना लावलेल्या होत्या. तो कुणाकडे बघत नव्हता, ओठही हलत नव्हते. नुसता उभा होता. दहा मिनिटं असेल, पंधरा असेल. एक बांगलादेशी पोऱ्या झाडू मारत आला, त्यानं थांबून बघितलं आणि वळसा घालून गेला. मग रोहेकरनं हेल्मेट घातलं आणि पुन्हा फडकं उचललं.

मतदान सोमवारी झालं. निकाल कळला बुधवारी. लूर्देस नववी आली. आठव्यापेक्षा एकेचाळीस मतं कमी.

“हे जवळच आलं की रे,” मोहियुद्दीन मेसमध्ये म्हणाला. “पुढच्या टायमाला नक्की. तीन वर्षांनी. एकेचाळीस म्हणजे काय, आमच्या एका वाडीत असतात.”

“हो,” रोहेकर म्हणाला. “एका वाडीत.”

“वहिनी काय म्हणते?”

“काही नाही. झोपलीय म्हणाली मुलगी.”

तो पुढचे तीन दिवस फोन लावत होता, आणि मुलगी तेच सांगत होती.

वीस मेला, रविवारी, सीलचं खोकं आलं. विमानानं आलेलं. मी त्याला निरोप पाठवला. तो आला, खोकं काउंटरवर ठेवून त्यानं चाकूनं पट्टी कापली आणि वरचा कागद उचलला. सामानाबरोबर असतो तसा साधा कागद. वस्तूचं नाव, नंबर, मागणीची तारीख, पाठवल्याची तारीख. रोहेकरला कागद वाचायची सवय होती. सील बसवण्याआधी नंबर ताडून पाहणारा तो मेकॅनिक होता. तो वाचत वाचत एका जागी थांबला.

“फेब्रुवारी,” तो म्हणाला.

मी उभा होतो. पंखा चालू होता. विद्या, डिसेंबर, खण, असं सगळं एकदम वर आलं आणि कशालाच सुरुवात सापडली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या पंपाचा आवाज आज वेगळा का येतोय म्हणून तो ज्या नजरेनं पाही, तसं पाहिलं, आणि त्याला कळलं. जेद्दाचं बंदर, कस्टम, त्या रविवारची केबिन, सगळंच कळलं असावं.

त्यानं कागदाची घडी घातली आणि काउंटरवरून माझ्याकडे सरकवली.

“हा तुझ्याकडे ठेव, मास्तर,” तो म्हणाला. “साहेबांच्या हातात नको जायला.”

आणि खोकं उचलून तो निघून गेला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं सील बसवली. पंप सुरू झाला तेव्हा खाली पाण्याचा थेंब नव्हता. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

त्यानंतरही तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागे. मास्तर म्हणे. मेसमध्ये शेजारी बसे. मी दर शुक्रवारी ठरवी की आज त्याच्या खोलीत जाऊन नीट सांगायचं, आणि दर शुक्रवारी माझं धैर्य दाराशी जाऊन परत येई. जूनमध्ये माझं काँट्रॅक्ट वाढलं. घरी मी शालनला, माझ्या बायकोला, फोनवर ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “देव पावला.” मी हो म्हणालो.

जुलैत लूर्देसनं त्याला फोनवर सांगितलं की सप्टेंबरात आला नाहीस तरी चालेल. भांडली नाही. मुलीला घेऊन ती सेबू शहरात बहिणीकडे राहायला गेली होती, तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. रोहेकर तरीही गेला. पंचेचाळीस दिवसांची रजा होती. तो अठराव्या दिवशी परत आला.

बसथांब्यावर मी होतो. त्याची एक बॅग मी घेतली. ती इतकी हलकी होती की माझा हात वर गेला.

“भेटली?” मी विचारलं.

“भेटली. चांगली बोलली.” थोडं चालल्यावर तो म्हणाला, “जेवायला वाढलं. भात अजून घे म्हणाली. पाहुण्याला आग्रह करतात ना, तसं.”

मी थांबलो. “रोहेकर, एप्रिलमध्ये मी साहेबांना…”

“माहीत आहे,” तो म्हणाला, चालतच. “तुझ्या मुलीचं लग्न कधी आहे?”

“डिसेंबरात.”

“चांगलं होईल,” तो म्हणाला.

आमच्या कॅम्पाचा एक रिवाज होता. रजेवरून आलेला माणूस पहिल्या जेवणाला घरून आणलेलं काहीतरी मेसच्या टेबलावर ठेवी. आमच्याकडचे लोक काजू, आंबापोळी, सुके बोंबील आणत. केरळचे केळ्याचे वेफर्स. रोहेकर दर वेळी लूर्देसनं केलेले नारळाचे लाडूसारखे गोळे आणी, जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेले, वरून दोऱ्यानं बांधलेले. बांधणाऱ्याचा हात त्या गाठीवरून कळे.

त्या दिवशी सगळे जमले. रोहेकरनं प्लास्टिकच्या पिशवीतून सुक्या आंब्याची चार पाकिटं काढून टेबलावर ठेवली. चकचकीत पाकिटं. पिशवीवर मनिलाच्या विमानतळावरच्या दुकानाचं नाव होतं, आणि प्रत्येक पाकिटावर त्याच दुकानाचं पांढरं लेबल.

हरीशनं पाण्याचा ग्लास उगाच उचलला आणि ठेवला.

मोहियुद्दीननं पाकिटं आपल्याकडे ओढून घेतली. “च्यायला, आंबा!” तो मोठ्यानं म्हणाला. “आम्ही आंब्याच्या गावचे, आणि हा आम्हाला आंबा खिलवतो!” असं म्हणत त्यानं ती चारही पाकिटं मांडीवर घेतली, आणि टेबलाखाली मान घालून एकेक लेबल नखानं खरवडून काढू लागला. लेबलं चिवट होती. त्याला बराच वेळ लागला. तो तोंडानं बडबडत राहिला, रत्नागिरीचा हापूस, अलिबागचा अमका, आणि सगळे हसत राहिले. मग त्यानं पाकिटं फोडून ताटलीत ओतली आणि ताटली फिरवली.

ती माझ्यापर्यंत आली तेव्हा रोहेकर म्हणाला, “घे, मास्तर.”

मी एक तुकडा घेतला. आंबट होता, आणि बाहेरून साखर लावलेली होती.